दोन्ही किडन्या वाढल्यात

मी ज्या पेशींवर पाच वर्षं काम केलं, त्या एका कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या आहेत. तो कुत्रा कुठल्या जातीचा, कुणाचा, हे मी कधी शोधलं नाही. कित्येक दशकांपूर्वी तो मेला, पण त्याच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये अजून जगवल्या जातात. आमच्या विद्यापीठातही त्या होत्या. गुलाबी द्रवात, सपाट बाटल्यांच्या तळाला चिकटून वाढायच्या. दर दोन दिवसांनी तो द्रव बदलावा लागतो. दिवाळी असो की संप, त्यांना काही फरक पडत नाही.

वडलांना मी आबा म्हणायची. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते हसून हसून खोकायला लागले.

"आम्ही मेंढरं राखायला कुत्री पाळतो, आन तू कुत्र्याची किडनी पाळतीस व्हय? काय खायला घालतीस तिला?"

"साखर, मीठ, थोडं वासराचं रक्त. म्हणजे रक्तावरचं पाणी."

"बघ, आपल्या कुत्र्यांपेक्षा बरं खाती ती."

आमचं गाव सिल्लोडच्या रस्त्यानं आत. घरची मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि उरलेल्या दिवसांत दुसऱ्याच्या मक्यात मजुरी. आमच्या घरात दहावी पास झालेली मी पहिली, आणि पुढचं सगळंही मीच पहिली. त्यात माझी हुशारी किती आणि लोकांनी धरलेला हात किती, हे मला ठाऊक आहे. सिल्लोडच्या शाळेत आमच्या विज्ञानाच्या सरांनी शनिवारी कपाटातली एकुलती एक सूक्ष्मदर्शिका काढून माझ्यासमोर ठेवली होती. कांद्याच्या पापुद्र्यातल्या त्या चौकटी दिसल्या, आणि माझं पुढचं आयुष्य ठरलं. विद्यापीठात माझ्या मार्गदर्शक मॅडमनी माझं इंग्रजी बघून तोंड वाकडं केलं नाही. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांनी लाल पेनानं चार वेळा तपासलं. या लोकांनी मला वाचायला शिकवलं. म्हणून मला पुढचं लिहिताना जड जातं. कारण वाचता येत असूनही मी एक कागद चुकीचा वाचला होता.

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. आबांची कंबर दुखायची, कुशीत कळ यायची, एकदा लघवीला लाल झालं. सिल्लोडच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून आणायला सांगितली, बीपीच्या गोळ्या दिल्या आणि शहरात मोठ्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. कागद इंग्रजीत होता, म्हणून तो मी सुट्टीत घरी येईपर्यंत कोनाड्यात जपून ठेवला होता. मी आल्यावर मायनं तो पदरानं पुसून माझ्या हातात दिला. आबा समोर बसले. शेजारची दोन माणसंही बसली होती. मला इंग्रजी कसं येतं, ते बघायला.

मी वाचलं आणि मराठीत सांगितलं, "दोन्ही किडन्या वाढल्यात. त्यात पाण्याचे फोड आहेत, बरेच."

आबांचा चेहरा उजळला. "वाढल्यात? मंग चांगलंच की. मला वाटलं, वाळून गेल्या का काय."

त्यांचं काय चुकलं? मेंढपाळाच्या बोलण्यात वाढ हा चांगला शब्द आहे. कोकराची वाढ बघायची, वाढ धरली म्हणायचं, न वाढलेलं ते खुरटं. जनावराचं आतलं काही वाढलं म्हणजे ते धष्टपुष्ट, हा त्यांचा हिशोब. पाण्याच्या फोडांचंही तसंच. पाण्यानं भरलेलं काही वाईट असतं, हे दुष्काळी गावातल्या माणसाला पटायचं नाही. शेजारचा एक म्हणाला, "बघा, किडनी मजबूत हाय तुमची."

इंग्रजी शब्दाचा अर्थ मी बरोबर सांगितला होता. पण मला तेव्हाच आत कुठंतरी खटकलं होतं की हे चांगलं नसावं. डॉक्टरांनी उगाच शहरात पाठवलं नसतं. तरी सगळे इतके मोकळे झाले, मायनं चहा टाकला, आणि मला ते मोडवलं नाही. शिवाय, खरं सांगायचं तर, मलाही पूर्ण माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं त्या माणसांसमोर म्हणायची मला लाज वाटली. आबांनी गोळ्या महिनाभर घेतल्या. मग चक्कर येते म्हणून सोडल्या. शहरात कुणी गेलं नाही.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मॅडमनी वर्गात एक चित्र दाखवलं. डावीकडं माणसाचं नेहमीचं मूत्रपिंड, मुठीएवढं. उजवीकडं तेच, पण भोपळ्याएवढं, फोडांनी भरलेलं, पृष्ठभाग द्राक्षाच्या घडासारखा. मॅडम सांगत होत्या की मूत्रपिंडात बारीक नळ्या असतात, त्यांच्या भिंतीतल्या पेशी एरवी शांत असतात, क्वचितच विभागतात. या आजारात काही नळ्यांतल्या पेशी विभागत सुटतात, नळी फुगते, तिचा फुगा होतो, आणि असे शेकडो फुगे चांगल्या भागाला चेपून मारतात. आईवडलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलात उतरायची शक्यता अर्धी. बीपी ताब्यात ठेवला तर वर्षं वाढतात, असंही त्या म्हणाल्या.

मी वही बंद केली. माझी आजी, आबांची आई, पोट फुगून गेली होती. आबांचे मोठे भाऊही तसेच. आमच्याकडं त्याला 'गोळा' म्हणायचे. अमक्याला पोटात गोळा झाला, गेला. बाहेरची बाधा समजून आजीच्या पोटावर डाग दिले होते म्हणे.

त्या दुपारी मी वसतिगृहातून घरी फोन केला. "आबा, बीपीची गोळी घेता का?"

"घेतो की."

ते खोटं बोलत होते, हे मला आवाजावरून कळलं. मी म्हणाले, "घ्या बरं का, सोडू नका." एवढंच. गावी जाऊन कागद पुन्हा पुढं ठेवायला हवा होता, सांगायला हवं होतं की मी तेव्हा चुकीचं बोलले. परीक्षा होती. मग पीएच.डी.चा प्रवेश होता. मग आबा फोनवर ठणठणीत बोलायचे. मी रोज एका खोलीत बसून त्याच आजाराचा अभ्यास करत होते, आणि ज्याला तो होता त्याला सांगत नव्हते. लोक याला काय म्हणतील, मला माहीत नाही. मी त्याला भित्रेपणा म्हणते.

माझा विषय समजायला अवघड नाही. शरीरातल्या प्रत्येक पेशीत डीएनएची पूर्ण पोथी तीच असते. मूत्रपिंडातही तीच, यकृतातही तीच, कातडीतही तीच. मग कातडी रोज नवी का होते, आतड्याचं अस्तर चार-सहा दिवसांत का बदलतं, यकृताचा तुकडा कापला तर ते पुन्हा वाढून थांबतं कसं, आणि मूत्रपिंडातली नळी गप्प का बसते? पोथीतलं कुठलं पान कधी वाचायचं, हे ठरवणारी काही प्रथिनं असतात. ती डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतात आणि त्यापुढचं पान उघडतात किंवा मिटतात. त्यांना ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर म्हणतात. काही विभागणी सुरू करायला लावतात, काही ती रोखून धरतात. मी ज्याचा पाठलाग करत होते, तो आईच्या पोटात मूत्रपिंड घडत असताना जागा असतो, आणि घडून झालं की गप्प होतो. या आजारातल्या फोडांमध्ये तो पुन्हा जागा झालेला सापडतो. पन्नाशीच्या माणसाच्या नळीतली पेशी अशी वागते की जणू तिचा जन्म अजून व्हायचाय.

मी कुत्र्याच्या पेशी जेलीसारख्या पदार्थात ठेवायची. आठवड्याभरात त्या गोल होऊन पोकळ गोळे बनवायच्या. सूक्ष्मदर्शिकेखाली ते सुंदर दिसतात, हे लिहायला मला संकोच वाटतो, पण दिसतात.

पीएच.डी.चं चौथं वर्ष लागलं तेव्हा आबांना उलट्या सुरू झाल्या. पाय सुजले, जेवण जाईना, अंगाला खाज. या वेळी मीच त्यांना शहरात आणलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि विचारलं, "इतकी वर्षं कुठं होता?" आबा माझ्याकडं बघायला लागले, कारण डॉक्टरांशी बोलायचं काम माझं होतं. मी फाइलमधले कागद लावत बसले. यकृतातही फोड होते. किडन्या जवळपास संपल्या होत्या.

सोमवार आणि गुरुवार डायलिसिस सुरू झालं. मेंढरं पुतण्यांकडं गेली, म्हणजे आबांच्या वारलेल्या भावाच्या दोन मुलांकडं. माय आणि आबा शहरात आले, हर्सूलला एक खोली घेतली. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी मी पेशींचा द्रव बदलून दवाखान्यात जायची, आबांचं रक्त मशीनमधून फिरताना बघत बसायची. मशीनच्या सुया लावायला त्यांच्या डाव्या हाताची शीर आणि धमनी जोडली होती. त्यावर बोट ठेवलं की आत घरघर लागायची. आबा आल्यागेल्याला हात पुढं करून म्हणायचे, "बोट ठिवून बघा, गिरणी बसवलीय."

तहान हा सगळ्यात वाईट भाग होता. दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी, त्यातच चहा आणि वरण. जन्मभर ओढ्याला तोंड लावून प्यायलेला माणूस वाटीनं मोजून प्यायचा. माय माठावर ताट झाकून त्यावर वरवंटा ठेवायची, आवाज झाला की कळावं म्हणून.

शेजारच्या मशीनवर सिल्लोडचे एक चाचा असायचे. मक्याचा व्यापार केलेला, आता मुलांवर सोपवलेला. त्यांची नि आबांची पहिल्याच दिवशी गट्टी जमली, कारण दोघांनाही बकरं वजनानं ओळखता यायचं.

"गुर्दा तो बकरे का अच्छा," चाचा म्हणायचे. "तव्यावर जरा कलेजीसंगं परतला की बस. हमारे गुर्दे को तो कुत्ता बी नक्को बोलेगा."

"कुत्र्याचं नाव काढू नका," आबा म्हणायचे. "कुत्र्याच्या किडनीची मालकीण बसलीय इथं. तिला राग येतो."

अशाच एका गुरुवारी आबांनी मला विचारलं की हे फोड येतात तरी कशानं. तंबाखूनं येतात का, मेंढरांसंगं उन्हात फिरल्यानं येतात का. मी त्यांना पोथीचं सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. मग मी म्हणाले, "समजा, तुमची सगळी मेंढरं सारखीच आहेत. ती चरायला पसरणार का एका जागी बसणार, हे कशावरून ठरतं?"

"हाळीवरून."

"तसंच. पेशी सगळ्या सारख्या. हाळी देणारे वेगवेगळे."

आबा म्हणाले, "म्हंजी मेंढरं चुकली नायत. हाळी देणारा येडा झालाय. बसायच्या वक्ताला चल चल म्हणतोय."

पुढं मी प्रबंधाच्या प्रस्तावनेत सोळा पानं लिहिली. त्यात यापेक्षा नेमकं काही नाही.

चाचा मान वळवून म्हणाले, "बेटी, तो हाळी देणारा बंद करता येईल का नाय, तेवढं सांग."

"प्रयत्न चाललेत, चाचा."

"हौ. हमारे जाने के बाद निकलेगी दवा."



मग किडनी बदलायची गोष्ट निघाली. मायला जुनी शुगर, तिची चालणार नव्हती. माझ्या पाठीवरची भावंडं जगली नाहीत, मी एकटीच. माझा रक्तगट आबांचाच. डॉक्टरांनी माझ्याकडं बघून सांगितलं, "मुलीचा विचार करायचा तर आधी तुमची सोनोग्राफी." त्यांना काय म्हणायचंय ते मला लगेच कळलं. आबांना कळलं नाही. त्यांनी फक्त 'मुलीचा विचार' एवढंच ऐकलं.

आबांनी मला आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. त्यांनी तेव्हाही मागितलं नाही. पण खोलीवर आल्यावर भाकरी मोडत म्हणाले, "तुझी बसंल का गं मला?" जणू चपलेबद्दल विचारत होते. आणि पुढच्या सोमवारी मी आत शिरले तेव्हा ते चाचांना सांगत होते, "माझी पोरगी देणार हाय. आमच्यात पोरगाच लागतो असं काय नाय."

वर्गातलं ते चित्र बघितल्यापासून मी स्वतःची सोनोग्राफी टाळली होती. पाच वर्षं. शक्यता अर्धी, हे मी परिषदेत पोस्टरसमोर उभी राहून अनोळखी लोकांना सांगितलं होतं. आता टाळायला जागाच नव्हती. मी मायला घेऊन गेले. पोटावर थंड जेल, अंधारलेली खोली, आणि पडद्यावर काळे गोल. सांगायला कुणाची गरज नव्हती. मी तसले गोल रोज मोजायची. उजवीकडं सात मोजले, मग डावीकडं बघायचं सोडून दिलं.

बाहेर बाकावर मायला सांगितलं. ती आधी म्हणाली, "मशीन चुकत असंल." मग बराच वेळ पदराचा काठ बोटाला गुंडाळत राहिली. मग एकदम ठाम झाली.

"त्यांना सांगू नको. कुणालाच सांगू नको. तुला कोण करील मग?"

"माय, लग्नाचं नंतर बघू."

"नंतर कधी? तू त्यांना म्हण, जुळली नाय. डॉक्टर नाय म्हणले. एवढंच म्हण. नाय तर ते म्हणतील, माझ्याकडनं पोरीत आलं. मशीन सोसलं त्यांनी. हे सोसायचं नाय त्यांना."

मला तिचं पटलं. पटवून घ्यायला मी तयारच होते. मी आबांना म्हणाले, "नाही जुळली."

ते फक्त "बरं" म्हणाले. दोन दिवस नेहमीसारखे राहिले. मग दवाखान्यात चाचांना सांगताना मी ऐकलं, "जुळली नाय म्हणतेत." आणि चाचा सहज, काही वाईट हेतू नसताना, बोलून गेले, "कैसे नहीं जुळली? खून एक, औलाद अपनी. माझ्या भाच्याला तर त्याच्या बेटीची लगेच बसली."

त्या दिवसापासून आबा माझ्याशी बोलायचे थांबले. रागानं नव्हे. तोंड भिंतीकडं करून पडायचे, मी काही विचारलं तर मायला उत्तर द्यायचे. मशीन लावताना हात माझ्यापासून लांब ठेवायचे, बोट ठिवून बघ म्हणायचे नाहीत. तिसऱ्या वेळी, सुई काढल्यावर कापूस दाबून धरायला मी पुढं झाले, तर म्हणाले, "राहू दे. तुला कामं असतील."

मी हात मागं घेतला.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "नाय द्यायची तर नको दिऊ. तुझं सगळं आयुष्य पडलंय, मला कळतं. मी काय बळजबरी केली का? पर खोटं कशाला बोलतीस? शिकून खोटं बोलायला लागलीस?"

माझा विचार काय होता, ते मला आज नीट सांगता येत नाही. मायचं ऐकायचं होतं. त्यांना सोसणार नाही, हेही खरं वाटत होतं. पण पोरगी जीव चोरून बसली असं मनात घेऊन ते जातील, हे मला त्याहून सोसवेना. आणि आमच्या घरात एकदा मी त्यांना बरं वाटावं म्हणून एक कागद अर्धाच वाचला होता. पिशवीतून मी माझा रिपोर्ट काढला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तरी कागद त्यांच्यासमोर धरला.

"आबा, जुळायचा प्रश्नच आला नाही. माझ्या दोन्ही किडन्यांत तेच फोड आहेत. तुमच्यासारखेच. अजून लहान आहेत."

चाचांनी तोंड फिरवलं. कापूस रक्तानं भिजत होता, तो मी दाबून धरला. आबांनी हात काढून घेतला नाही.

"आणि त्या वेळी," मी म्हणाले, "मी तुमचा कागद वाचला होता, किडन्या वाढल्यात म्हणाले होते. ते वाढणं चांगलं नव्हतं. मला नंतर कळलं, पण मी सांगितलं नाही. गोळ्या घेतल्या असत्या तर काही वर्षं मिळाली असती."

त्यांनी या दुसऱ्या गोष्टीकडं लक्षच दिलं नाही. अजूनही मला वाटतं की त्यांनी तेव्हा मला शिव्या द्यायला हव्या होत्या. ते पहिल्याच गोष्टीवर अडकले होते.

"माझ्याकडनंच आलं म्हंजी."

"तुमच्याकडं आजीकडून आलं. कुणाचा दोष नाही."

"दोष कसा नाय. खोट निघाली तर आपण एडका बदलतो. कोकरं होऊच देत नाय त्याची." मग म्हणाले, "मला कळलं असतं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. तसं झालं असतं तर मी नसते, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. तंत्रज्ञ पट्टी बांधायला आला. आबा त्याला म्हणाले, "माझं झालं. आता हिचा बीपी बघा." त्यानं बघितला. जास्त होता. आबांनी आकडा दोनदा विचारून घेतला आणि दवाखान्याच्या फाइलवर मागं लिहायला लावला.

खोलीवर मायनं माझ्याशी भांडण काढलं. "मारलंस त्यांना," म्हणाली. ती चुकीचं म्हणाली का, मला ठरवता आलेलं नाही. त्यानंतर आबा खालावलेच. दोनदा डायलिसिसला यायला नको म्हणाले, आम्ही ओढून आणलं. माठावरचा वरवंटा काढायची गरजच पडायची नाही, कारण त्यांनी पाणी मागणंच सोडलं. उन्हाळा संपायच्या आत ते गेले. सांगितलं नसतं तर जास्त जगले असते का, हे कुठल्याही सूक्ष्मदर्शिकेखाली दिसणार नाही.

पण जाण्याच्या महिनाभर आधी त्यांनी एक गोष्ट केली, आणि ती मी सांगितली म्हणूनच त्यांना सुचली. एका बुधवारी, डायलिसिस नसलेल्या दिवशी, ते मला म्हणाले, "गावाकडं चल." सुजलेल्या पायांनी ते एसटीत चढले. गावात भावाच्या घरी गेले. दोन्ही पुतणे मेंढरं वाड्यात घालून नुकतेच आले होते. आबा ओट्यावर बसले, माझा रिपोर्ट आणि स्वतःचा, दोन्ही पुढं ठेवले आणि काही आडवळण न घेता बोलले.

"तुमच्या बापाला गोळा झाला नव्हता. त्याला हे होतं. मला हाय. हिला हाय. तुम्हाला असंल नसंल, बघायचं. उद्या चला."

मोठा पुतण्या माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, दोन मुलांचा बाप. तो म्हणाला, "काका, मला काय होत नाय. मी दिवसभर रानात फिरतो."

"मी बी फिरत होतो."

"आन असलं तर काय करणार? दवा तर नाय म्हणता."

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी सांगितलं, बीपी ताब्यात ठेवायचा, मीठ कमी, दुखण्याच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत, दरवर्षी तपासायचं. ऐकताना मलाच ते किती थोडं आहे ते जाणवत होतं. धाकटा बाहेर जाऊन उभा राहिला. आबा म्हणाले, "तुम्ही नाय आलात तर मी डायलिसिसला जाणार नाय." ते आले.

दुसऱ्या दिवशी, आबांच्या मशीनच्या वेळेआधी, दोघांची सोनोग्राफी झाली. धाकट्याची स्वच्छ निघाली. मोठ्याच्या दोन्ही बाजूंना फोड होते, माझ्यापेक्षा जास्त. त्याचा कागद मी वाचला. या वेळी प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगितला, 'वाढलेल्या' म्हणजे काय तेही. तो मान हलवत होता. शेवटी त्यानं विचारलं, "माझ्या पोरांना?"

"अर्धी शक्यता. प्रत्येकाला."

"हे कशाला सांगितलंस मला?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "मी मेंढरं सोडून आलो. दोन दिवसांपूर्वी मला काही झालं नव्हतं."

आबा खुर्चीत बसले होते, सुई लावलेल्या हातानं त्यांना उठता येत नव्हतं. ते म्हणाले, "मी सांगितलं. तिला बोलू नको, मला बोल."

दुपारी मोठा आणि धाकटा स्टँडवर गेले. मी सोबत गेले. सिल्लोडची गाडी लागली होती. धाकटा चढला, खिडकीशी बसला. मोठ्यानं रिपोर्टची घडी शर्टाच्या आत घातली, गाडीच्या पायरीवर पाय ठेवला, मग परत उतरून माझ्यासमोर आला. मला वाटलं, भांडेल. तो म्हणाला, "बीपीच्या गोळीचं नाव लिहून दे. मोठ्या अक्षरात दे, मराठीत."

मी सकाळच्या एसटीच्या तिकिटामागं लिहून दिलं. तो मनातल्या मनात ते वाचत राहिला, आणि गाडी सुरू झाल्यावर धावत जाऊन चढला.